धुळ्याला शून्य पाहिजे

९ डिसेंबर

शून्य पाहिजे म्हणे. धुळ्याला शून्य पाहिजे! मी लसूण सोलत बसलेली, हितेंद्रने फोनचा आवाज मोठा करून तो ओट्यावर ठेवलेला. रुपचंद व्याही अगदी मऊ आवाजात, जसं काही पूजेचं आमंत्रण देतायत — "हर्षालीच्या रक्ताचा तो आकडा शून्य आला ना, की आम्ही स्वतः गाडी घेऊन येतो. तोवर ती माहेरीच बरी. आणि चिमी इकडेच बरी."

आणि माझा पोरगा काय म्हणतो? "बरोबर आहे तुमचं."

काय बरोबर आहे रे? तीन वर्षांची पोर आईवाचून धुळ्यात, आई पोरीवाचून इथे, आणि हा म्हणतो बरोबर आहे. मी म्हटलं, दे तो फोन इकडे. त्याने बंदच केला. वर मलाच सांगतो, "माय, तू बोललीस की बिघडतं."

बिघडायचं काय राहिलंय.

मी बोलायला लागले की या घरात टीव्हीचा आवाज वाढतो. म्हणून लिहिते. खतवाल्याने वाटलेली गेल्या वर्षीची डायरी आहे, कोरीच पडून होती. शाळा तिसरीपर्यंत झाली, त्यातही निम्मे दिवस धाकट्या भावाला कडेवर घेऊन. अक्षराला हसायला इथे कोणी येणार नाही.

१० डिसेंबर

रात्र झाली तरी राग उतरला नाही. पहिल्यापासून लिहून ठेवते. कोण काय म्हणालं ते मागाहून सगळे विसरतात. मी विसरत नाही, पण मी म्हातारी, माझं कोण ऐकतं.

हर्षाली माझ्या हितेंद्रची मुलगी. धुळ्याला लोकेशला दिली. रुपचंद तिचा सासरा, सुनंदाबाई सासू. माणसं आपल्यातलीच, पण कितीतरी वर्षं धुळ्यात राहून बोलणं तिकडचं झालं. गेल्या उन्हाळ्यात पोरीच्या तोंडात फोड आले. गालाला आतून, टाळूला, जिभेखाली. घास गिळवेना. सुनंदाबाई म्हणाली, आमच्या घरचं तिखट चालत नाही म्हणून नाटकं. भरीत केलं, हिने हात लावला नाही, तर तेच ताट झाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा हिच्यापुढे! ज्या तोंडाला पाणी झोंबतं त्याला हिरव्या मिरचीचं भरीत. पोर दुधात केळं कुस्करून जगली. फोनवर म्हणायची, "बरी आहे आजी." बोलणं असं, की तोंडात कापूस धरलाय. मी सुनेला म्हटलं, चारुलता, हिच्या तोंडात काहीतरी झालंय वं. ती म्हणाली, "नेटवर्क असेल."

नेटवर्क!

दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने पेस्ट बदलून दिली. मग फोड छातीवर उतरले, पाठीवर उतरले. बोराएवढे, पाण्याने भरलेले, फुटले की खाली नुसतं लाल मांस. मग म्हणे नागीण आहे. गेरू लावून बघितला. मग म्हणे चिमीला लागेल. लेकराला सासूने आपल्या खोलीत घेतलं आणि आईला गाडीत घालून आमच्या दारात आणून सोडलं. सोबत काय दिलं? हिचं ताट, हिची वाटी, हिचा पेला. जुन्या ओढणीत वेगळं बांधून.

ते ताट मी रोज घासते आणि रोज शिव्या देते.

१४ डिसेंबर

आज जळगावला गेलो, कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे. पावसाळा संपता संपता पहिल्यांदा नेलं तेव्हा पोरीच्या पाठीला चादर चिकटायची. सोडवायला गेलं की चादरीबरोबर कातडी. बाई म्हणाल्या होत्या, "तुमची केळीची बाग आहे ना? कोवळी पानं आणा, धुवा, त्यावर निजवा. अंग चिकटणार नाही." मला वाटलं ही मोठी डॉक्टरीण, काहीतरी परदेशातली गादी सांगेल. तर आमच्याच बांधावरचं पान.

आबा रोज अंधारात बागेत जायचे. आबा म्हणजे हर्षालीचे आजोबा, माझे मालक. सुरळीतून नुकतं उघडलेलं पान कापायचे, डोक्यावर धरून आणायचे, न फाडता. हा माणूस दिवाळी ते दिवाळी मोजकंच बोलतो. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तेव्हा मांडवाबाहेर गेला होता. पण पान आणायला एकदा चुकला नाही.

आता पानं लागत नाहीत. पाठ भरत आली. सलाईनमधून मोठं औषध दोनदा दिलं, गोळ्या चालू आहेत. गोळ्यांनी पोरीचं तोंड पुरीसारखं फुगलंय.

आज मी खुर्ची ओढून बाईंच्या समोरच बसले. म्हटलं, "हा रक्तातला आकडा आहे तरी कशाचा? नीट सांगा. मला धुळ्याला भांडायचंय."

बाई हसल्या. पण सांगितलं नीट. "आजी, आपल्या रक्तात पहारेकरी असतात. बाहेरून जंतू आला की त्याला धरायचं त्यांचं काम. त्यांना अँटिबॉडी म्हणतात. हर्षालीच्या पहारेकऱ्यांची चूक झाली. कातडीचे थर एकमेकांना धरून ठेवायला मध्ये एक चिकटा असतो. ते त्यालाच चोर समजले. चिकटा सुटला, थर सुटले, मध्ये पाणी भरलं, फोड आला. असे चुकलेले पहारेकरी रक्तात किती, ते या तपासणीत मोजतात."

"म्हणजे केळीच्या खोडासारखं. पदरावर पदर बसलेत म्हणून उभं. पदर सुटले की आडवं."

"अगदी तसंच."

"आणि एकाचं दुसऱ्याला लागतं?"

"नाही. उष्टं खाल्लं, मुका घेतला, एका अंथरुणात झोपलं, तरी नाही."

"हे लिहून द्या."

लिहून दिलं, शिक्का मारून. हितेंद्रने तिथेच फोटो काढून धुळ्याला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचलं म्हणे. उत्तर काही नाही.

पोरीचा पहिला आकडा दोनशेच्या वर होता. मशीन त्याच्या पुढे मोजतच नाही. वीसच्या खाली आला की 'नाही' असं समजायचं, तसं त्या कागदावरच छापलेलं आहे. रुपचंदला छापलेलं दिसत नाही. त्याला शून्य पाहिजे. दुकानात बसून बसून त्याला माणूसही बाकी चुकवल्यासारखा वाटतो.

२ जानेवारी

थंडीने बागेला चरका बसला. पानं पिवळी पडली. आबा गप्प. तसे ते नेहमीच गप्प, पण आज चहासुद्धा विसरले.

१४ जानेवारी

संक्रांत. दुपारी धुळ्याला फोन लावला, तोंडं दिसतात तसला. चिमी दिसली. नवा फ्रॉक, केसांना चार चाप. "आई!" म्हणून तिने फोनचाच मुका घेतला. इकडे हर्षालीनेही घेतला. एवढ्यात सुनंदाबाईचा हात आला आणि तिने पदराने फोन पुसला.

फोन पुसला! धुळ्यात बसून. इथला मुका तारेतून तिथे जातो आणि पोरीला फोड आणतो, असं आहे का? मी ओरडले, "ओ व्याहीणबाई, मधल्या सगळ्या गावांना पण पुसा, वाटेत सांडला असेल." हितेंद्रने फोन उलटा केला. चारुलता म्हणाली, "आई, सणाच्या दिवशी नका ना." सणाच्या दिवशी त्यांनी पुसलं ते चालतं.

लोकेश शेवटी एकदा पडद्यावर आला. हर्षालीकडे बघितलं, आणि म्हणतो, "तब्येत सुधारली वाटतं. गाल आले."

गोळ्यांची सूज आहे ती, बैला.

२३ जानेवारी

पुन्हा रक्त दिलं. जळगावात नुसतं काढतात. नळी बर्फात ठेवून मुंबईला जाते, तिथे मोजतात, आणि आकडा फोनवर येतो. पोरीचं रक्त मुंबई बघून आलं, पोर धुळ्याला जाऊ शकत नाही.

४ फेब्रुवारी

बासष्ट.

दोनशेवरून बासष्ट. बाई फोनवर म्हणाल्या, फार चांगलं आहे, औषध लागू पडलंय. चारुलताने देवापुढे साखर ठेवली. आबांनी आकडा दोनदा विचारला. एकदा मला, एकदा हर्षालीला.

हितेंद्रने धुळ्याला कळवलं. रुपचंद म्हणाला, "छान छान. पण शून्य नाही ना आला?"

मी आत जाऊन खलबत्त्यात मिरच्या कुटल्या. नको असताना कुटल्या.

१९ फेब्रुवारी

शेजारची भिकुबाई आली. तिची बहीण धुळ्यात, रुपचंदच्या दुकानाच्याच गल्लीत. आली की आधी पायरीवर बसते, मग पाणी मागते, मग म्हणते, "मला काही बोलायचं नाही वं धुरपदाबाई." म्हणजे बोलायला आलेली असते.

म्हणाली, सुनंदाबाई लोकांत सांगत फिरते की दुखणं लपवून सून दिली. पोरीला आधीपासूनच होतं. आणि म्हणाली, चोपड्याकडची एक मुलगी बघून ठेवलीय, नुसती बघून.

"नुसती म्हणजे?"

"म्हणजे नुसती."

"आणि लोकेश?"

"तो काय बोलतो? त्याची आई बोलते, तो घरात असतो."

हर्षाली आत भांडी लावत होती. ऐकलं तिने. भांडं पडलं नाही, वाजलं नाही. बाहेर आली आणि भिकुबाईला विचारलं, "मावशी, चिमीचं काही सांगितलं का त्यांनी? जेवते का?"

नवऱ्याचं विचारलंच नाही. मला बरं वाटलं. वाईटही वाटलं, पण बरं जास्त.

८ मार्च

धुळ्याला जाऊन आले. कोणाला विचारलं नाही. आबांना म्हटलं, चला. ते टोपी घालून उभे राहिले. एसटीत खिडकी मला दिली.

सुनंदाबाईने दार उघडलं. "या, बसा. पोर झोपेल शे."

पोर झोपलेली नव्हती. आतून तिचा आवाज येत होता, कोणाशी तरी भांडत होती. बाहुलीशी असेल.

चहा आला. रुपचंदला कपबशीत, सुनंदाबाईला कपबशीत. मला आणि आबांना कागदाच्या पेल्यात. मी पेला उचलला, उजेडात धरून बघितला आणि म्हटलं, "लग्नाच्या पंगतीतला उरलाय का?" रुपचंद मला आत्या म्हणतो. म्हणाला, "तसं नाही हो आत्या, मोलकरीण आली नाही." आबांनी पेला तसाच खाली ठेवला. घोटभरही घेतला नाही. आमच्या आबांचं भांडण असं असतं.

मी शिक्क्याचा कागद काढला. म्हटलं, लागत नाही. बासष्टवर आलंय. पोरीच्या अंगावर आता फोड नाही, जेवते, हसते. तिला न्यायचं नसेल तर नका नेऊ, पण चिमीला तिच्याजवळ धाडा.

सुनंदाबाई म्हणाली, "पोर आमनी शे."

"पोटातून तुम्ही काढली का?"

"बठ्ठं साफ व्हऊ द्या, मंग देखूत. शून्य येऊ द्या." सगळं साफ होऊ द्यायचं, मग बघायचं म्हणे.

"कागदावर वीस लिहिलंय."

"त्यासनं वीस. आमनं शून्य."

त्यांचं वीस, आमचं शून्य! डॉक्टरचं एक आणि हिचं एक. ही मापं हिने कुठून आणली कोण जाणे. लोकेश दाराला टेकून उभा होता. मी त्याला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?" तो म्हणाला, "आई म्हणते ते काळजीनेच म्हणते." म्हटलं, "आईचं मी ऐकलं. तुझं विचारते." त्याने फोन काढून बघितला. वाजलेला नव्हता.

तेवढ्यात चिमी धावत आली आणि माझ्या लुगड्यात शिरली. सुनंदाबाई अर्धी उठली. मी म्हटलं, बसा. बसली.

चिमी माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "मोठी आजी, आईचे किती झाले?"

"काय किती?"

"आई परीक्षेला गेलीय ना. तिला शून्य मिळालं की ती येणार."

पोरीला हे सांगितलंय. आई परीक्षेला गेली आणि नापास झाली की परत येईल. तीन वर्षांच्या लेकराला उलटी दुनिया शिकवून ठेवलीय. तिथे मी काहीच बोलले नाही. मलाच नवल वाटलं. एसटीत बसल्यावर आबांना म्हटलं, मी का नाही बोलले? ते खिडकीबाहेर बघत होते. पारोळा गेल्यावर म्हणाले, "पोर मांडीवर होती."

१६ मार्च

हर्षालीला सगळं सांगितलं. परीक्षेचंही सांगितलं. लपवून काय ठेवायचं, सगळं तिच्याच अंगावरचं आहे. तिने परीक्षेचं तेवढं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "आजी, मग मला लवकर नापास कर."

२ एप्रिल

जळगाव. पुन्हा रक्त. ऊन असं, की डांबर चपलेला धरतं.

हर्षालीचं काढून झालं. मी लुगड्याचा पदर सारला आणि खुर्चीत जाऊन बसले. रक्त काढणाऱ्या मुलीला म्हटलं, माझंही काढ. ती घाबरून बाईंना घेऊन आली.

"आजी, तुम्हाला काय होतंय?"

"राग होतोय."

"त्याची तपासणी नाही आमच्याकडे."

"पोरीची करता तीच करा. चांगल्या माणसाचा आकडा किती येतो ते मला बघायचंय."

बाई म्हणाल्या, गरज नाही. चांगल्या माणसाचाही शून्य बहुधा येतच नाही. मशीन काहीतरी दाखवतंच. भांडं कितीही घासलं तरी बोट फिरवलं की काहीतरी लागतं, तसं. म्हणून तर वीसची रेघ ठेवलीय. खालचं सगळं म्हणजे नाहीच.

"मग हेच धुळ्याला सांगा."

"मी लिहून दिलं होतं."

"तुमचं लिहिलेलं ते वाचतात आणि गिळतात. माझ्या नावाने कागद आला तर मी तोंडावर फेकू शकते. मला कधी फोड आला असेल तर तो चपलेचा."

बाईंनी मुलीकडे बघितलं. मुलीने सुई घेतली. शीर सापडायला वेळ लागला. तिला म्हटलं, शोध, आहे तिथेच, इतकी वर्षं तिथेच आहे.

येताना गाडीत हितेंद्र म्हणाला, "माय, याची काही गरज होती का?" चारुलता पुढे बसली होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, "होती."

सुनेने पहिल्यांदा माझी बाजू घेतली. लिहून ठेवते.

१२ एप्रिल

हर्षालीचा चौदा. माझा सात.

चौदा! रेघेच्या खाली. बाई म्हणाल्या, अंग स्वच्छ, तोंड स्वच्छ, रक्तही आता वीसच्या आत. गोळ्या हळूहळू कमी करू, एकदम बंद नाही. पुन्हा डोकं वर काढू शकतो हा आजार, म्हणून मधून मधून बघत राहायचं. पण आज चांगलं आहे. आज चांगलं आहे, एवढं मला पुष्कळ.

आणि माझ्या रक्तात सात. मी इतका जन्म उन्हात काढला, तीन लेकरं काढली, केळीचे घड वाहिले, आणि सात घेऊन फिरते आहे आणि मला पत्ताही नाही. मला इतका आनंद झाला की आबांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "माझा किती असेल?"

"तुमचा काही येणार नाही. तिथेही गप्पच बसाल."

हसले. दात नाहीत तरी हसले.

१३ एप्रिल

आज मीच फोन लावला. हितेंद्र आडवा आला. त्याला म्हटलं, बाजूला हो, तुझं बरोबर आहे बरोबर आहे खूप ऐकलं.

सुनंदाबाईने उचलला. म्हटलं, चौदा आला. ती म्हणाली, "शून्य नई उना ना?" नाही आला ना, म्हणे.

म्हटलं, "शून्य कोणाचाच येत नाही. माझा बघितला. मला काही नाही, कधी झालं नाही, तरी माझा सात आला. डॉक्टरीणबाई म्हणतात तुमचाही काहीतरी येईल. करून बघा. हिंमत असेल तर करून बघा."

मला वाटलं, बसला घाव. मग तिचा आवाज आला, पण माझ्याशी नाही. तोंड फिरवून नवऱ्याला सांगत होती — "आयकं का? म्हातारीले बी शे. घरानामाच शे!"

घराण्यातच आहे म्हणे. मी ओरडून सांगितलं, अहो, वीसच्या खाली म्हणजे नाही, नाही म्हणजे नाही! फोन बंद.

हितेंद्र कपाळाला हात लावून बसला. बोलला असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. मी खरं तेच बोलले. खरं ऐकून त्यांनी खोटं काढलं, त्याला मी काय करू.

१९ एप्रिल

धुळ्याहून काही नाही. फोन उचलत नाहीत.

आज जेवताना हर्षालीने ठेच्याला बोट लावलं आणि चाटलं. सगळे तिच्याकडे बघत राहिलो. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. तिखटाचं. मग पोळीबरोबर पुन्हा घेतलं.

२८ एप्रिल

चिमी आली!

दुपारचं जेवण झालं होतं. दाराशी गाडी थांबली. रुपचंद उतरला, मागचं दार उघडलं, पोरीला खाली उतरवलं. हर्षाली मोरीत होती, ओल्या हाताने धावत आली. पोर आधी थबकली. आईचं तोंड गोल झालंय ना. मग आवाज ऐकला आणि ओळखलं. त्या दोघींचं मी काही लिहीत नाही. लिहिण्यासारखं नाही ते.

रुपचंद उंबऱ्याच्या बाहेरच उभा. म्हटलं, या, पाणी घ्या. म्हणाला, "नको आत्या, ऊन आहे, निघतो." मग हितेंद्रकडे न बघता म्हणाला, "तुमची तुम्हाला दिली."

लोकेश गाडीतच होता, पुढे. उतरला नाही. काचही खाली केली नाही. चिमी काचेवर थापा मारत होती, बाबा, बाबा, आई बघा. गाडी मागे घेतली, वळवली आणि गेली. धुरळा खाली बसेपर्यंत पोर उभी.

असू दे. पोर आली ना. माझा सात कामाला आला म्हणायचा. बोलल्याने बिघडतं म्हणतात, बघा काय झालं ते. चारुलताने शिरा केला. आबांनी पोरीला खांद्यावर घेऊन बाग दाखवून आणली.

एक मात्र कळत नाही. तिच्या कपड्यांच्या पिशवीबरोबर एक गाठोडं होतं. उघडलं तर चिमीचं छोटं ताट, वाटी, पेला. आमच्याकडे ताटं नाहीत का? ते कशाला दिलं?

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. निंबाला झोका बांधला. चिमी झोक्यावर, हर्षाली मागून ढकलत होती. पोर हात दाखवून म्हणाली, "आई, मला पण इथे सुई टोचली. मी रडले नाही. मला पाच मिळाले." पाचही बोटं उघडून दाखवली. "शून्य मिळालं असतं तर बाबांनी ठेवून घेतलं असतं. आई, बाबा गाडीतून का नाही उतरले?"

झोका थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी सांगून ठेवलंय. पाच म्हणजे काहीच नाही, हे या घरातून धुळ्याला कोणी कळवायचं नाही, कळलं तर पोर पुन्हा उचलून नेतील. आणि पोरीने जे विचारलं त्याला बाबांना काम होतं, बाबा येतील, असलं गोड कोणी काही सांगायचं नाही. मी नाही, हितेंद्र नाही, तिच्या आईनेही नाही. उत्तर लोकेशने द्यायचं. इथे येऊन, तिच्यासमोर बसून, स्वतःच्या तोंडाने.